जुना दिसणारा गार्ड

नाही, नवा नको — मघापासून तेच तर सांगतेय तुम्हाला मिस्त्री, नवा आणून दिलात तरी नको. मला जुना हवाय. भंगारातला चालेल, दुसऱ्या गाडीवरून उतरवलेला चालेल, एखादा पोचा असला तर उत्तमच — फक्त या सायलेन्सरवर नीट बसला पाहिजे आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा इथेच होता, पहिल्यापासून होता, जागचा कधी हललाच नाही. आणि स्क्रूसुद्धा जुने लावा. नवे पिवळे स्क्रू लांबून चमकतात, तेवढ्यावरून चोरी पकडली जाईल. — असे बघू नका माझ्याकडे. म्हातारीचं डोकं फिरलंय असं वाटत असेल तर वाटू द्या, पण काम आज करून द्या. उद्या केलंत तर त्याचा काही उपयोग नाही.

बसते मी इथे. हे स्टूल हलतंय वाटतं — असू दे, मीही हलतेच. पाय असा पुढे लांब करून ठेवावा लागतो, वाकवला की पट्टी ओढते. तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेत येत असेल तर सांगा. नाही ना? बरं. आणि वास येत असेल तर तेही सांगा, मला वाईट नाही वाटणार. थोडा औषधाचा असतो, थोडा पायाचा. घरात आम्ही सगळ्या खिडक्या उघड्या ठेवतो आणि एकमेकांना सांगतो की मागचं गटार तुंबलंय. हे तर म्हणाले, नगरपालिकेला पत्र लिहायला हवं. लिहा म्हटलं. तुमच्याकडे बरं आहे, ऑइल आणि पेट्रोलपुढे दुसरं काही टिकत नाही.

गाडी शेजारच्या शिपायाने ढकलत आणून दिली. त्याला सांगितलंय, ब्रेक बघायचाय. लेकीला सांगितलं, रक्त तपासायला जाते. यांना सांगितलं, खाली शेजारणीकडे बसते जरा. आता कुणाला काय सांगितलं ते माझं मलाच लक्षात ठेवावं लागतंय, आणि या वयात ते किती जड जातं ते तुम्हाला कळायला अजून अवकाश आहे. तुम्हाला मात्र खरंच सांगायचं ठरवून आलेय, कारण तुम्हाला खोटं सांगून गार्ड मिळाला असता पण जुना मिळाला नसता. नवा हातात ठेवून मोकळे झाला असतात.

आधी एक गोष्ट मोकळी करून टाकते, म्हणजे तुमच्या मनावर ओझं राहायला नको. तो गार्ड गेला कुठे, हे विचारायला मी आलेली नाही. मागे सायलेन्सरला भोक पडलं होतं तेव्हा तुम्ही तो उतरवला होता, हे मला माहीत आहे. परत लावताना राहिला, की लावला होता आणि खडखडत खडखडत वाटेत कुठे पडला — तुम्हालाही आठवत नसेल. रोज इतक्या गाड्या येतात. मला भांडायचंच असतं तर मी लेकीला घेऊन आले असते, ती भांडते चांगली. मला नुसता गार्ड हवाय. — हो, हो, ऐकलं, सापडतोय का बघता. बघा. मी बोलत बसते, तुम्ही शोधत राहा. या मॉडेलचं सामान कंपनीने बंद केलंय असं हे मला सांगायचेच, मोठ्या अभिमानाने सांगायचे, जसं काही कंपनीने यांनाच विचारून बंद केलं.

यांची उद्या डोळ्यावरची पट्टी सुटणार. मोतीबिंदू — पिकवून पिकवून दगड करून ठेवला होता, डॉक्टर म्हणाले, आजोबा, एवढा उशीर कुणी करतं का. दुसऱ्या डोळ्यातही आहेच, पण आधी उजवा केला. उद्या पट्टी सुटली की डॉक्टर म्हणतात लख्ख दिसेल, तरुणपणी दिसत होतं तसं. आणि पट्टी सुटल्यावर हा माणूस पहिल्यांदा काय बघणार? मला बघेल? मला बघायला वेळ आहे, मी कुठे पळून जाणार. हा जिना उतरून खाली जाणार आणि गाडी बघणार. टाकीवर ओरखडा आहे का, आरसा सरळ आहे का, आणि मग खाली वाकून सायलेन्सर. डोळे जायला लागल्यापासून पुसणंसुद्धा सोडलं होतं, म्हणायचे, दिसत नाही तर पुसून काय करू, घाण इकडची तिकडे होते नुसती. पण आता बघतील. आणि उघडा पाइप दिसला की त्यांना सगळं कळेल. तेवढ्यासाठी आज.

तुम्ही म्हणाल, दिसत नव्हतं तर गाडी चालवत कशी होती ही स्वारी. म्हणाल काय, मनात म्हणतच असाल, मला दिसतंय तुमच्या पाठीवरून. चालवत होते हो. मी मागे बसायची आणि सांगायची — समोर बाई आहे, पोर आहे, डावीकडे खड्डा, आता हळू, आता कुणी नाही, जा. मांडीवर बोटं ठेवून सांगायची, डाव्या मांडीवर दाबलं की डावीकडे. आणि रस्ते यांना पाठ. नकाशे काढण्यात जन्म गेला यांचा, सरकारी कचेरीत, इथल्या एकूण एक गल्ल्या यांनी हाताने आखलेल्या. कुठल्या वळणावर विजेचा खांब आहे ते झोपेत सांगतील. मी म्हणायची, खांब नकाशात जागेवर असतो हो, माणसं नसतात. तर म्हणायचे, माणसं तू बघ, खांब मी बघतो. लोक हसायचे. लेक फोनवर ओरडायची — विकून टाका ती गाडी, तुम्ही दोघं मराल आणि आणखी कुणाला माराल. पण मिस्त्री, दवाखाना लांब, मला बसमध्ये चढता येत नाही, आणि रिक्षावाला आमच्या गल्लीचं तोंड बघूनच मागे फिरतो. आणि खरं कारण ते नाहीच. खरं कारण, यांना घरात बसवत नव्हतं. गाडीवर बसले की पाठ सरळ व्हायची. मागून मला ती पाठ दिसायची.

आणि मला बसमध्ये का चढता येत नाही — तर पायाला काही कळत नाही. साखर. किती वर्षांची ते आता कोण मोजतंय. आधी मुंग्या आल्या, मग तळवा कापसासारखा झाला, मग काहीच नाही. घोट्यापासून वर, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत, दुसऱ्याचा पाय जोडल्यासारखा. चप्पल निघून गेलेली मला कळत नसे, मागून कुणीतरी हाक मारून आणून द्यायचं. पहिल्यांदा लाज वाटली, मग मी ओळखीची झाले सगळ्यांच्या, चप्पलवाली काकू. तर मागच्या सीटवर मी दोन्हीकडे पाय टाकून बसते, ते यांनीच शिकवलं, एका बाजूला बसलं की तोल जातो म्हणून. आणि फुटरेस्टवर पाय आहे की नाही हे बघून खात्री करायची, कळत नाही ना. डावा बघायचा, उजवा बघायचा. पण समोर माणसं बघायची, खड्डे बघायचे, यांना सांगायचं, त्यात पाय कोण बघतंय. समजा उजवा घसरला, मागे गेला, सायलेन्सरला टेकला — गार्ड होता तोवर टेकला असेल शंभरदा, आणि काही झालं नाही. त्या पत्र्याचं कामच ते. तो आहे हे कुणाला आठवतही नाही.

हा असेल का बघा बरं — नाही, हा आखूड आहे, माझ्या डोळ्यांना कळतंय ते, इकडून दोन बोटं पाइप उघडा राहतो. दुसरा बघा. घाई नाही. म्हणजे आहे, पण चुकीचा नको.

रेल्वेच्या फाटकाशी झालं. तुम्हाला माहीत आहे ते, एकदा पडलं की माणसं गाड्या बंद करून उतरतात, गप्पा मारतात, कुणी पेपर वाचतं. आम्हाला बंद करता येत नाही. किक मारायला यांच्या गुडघ्यात जोर राहिलेला नाही, घरून निघताना कुणालातरी मारायला सांगतो आणि मग परत घरी येईपर्यंत चालूच ठेवतो. तर चालू गाडीवर बसून राहिलो. एक मालगाडी गेली. मग वाटलं उघडेल, तर उलट्या बाजूने दुसरी. डबे संपेचनात. आणि हे मला सांगत होते, ही लाइन आधी कुठून जायची होती आणि कुणी अर्ज केले म्हणून ती वळवली — मी ऐकत होते, मला आवडतं ते. आणि मग यांनी मान वर केली आणि म्हणाले, काहीतरी करपतंय. मी म्हटलं, पुढच्या टेंपोचं असेल. हे म्हणाले, नाही, आपलीच आहे, क्लच प्लेट जळतेय, इतका वेळ चालू ठेवली म्हणून. आणि हळहळले. क्लच प्लेटसाठी, मिस्त्री. म्हणाले, परवाच टाकलीय नवी, बिचारी. मीसुद्धा म्हटलं, हो ना, बिचारी. फाटक उघडलं, आम्ही घरी आलो.

तुम्ही पाना खाली ठेवू नका हो. मला माहीत आहे कसं वाटतं ते ऐकायला. मी स्वतःला सांगतेच आहे ते रोज, त्यामुळे मला आता सवय झाली, तुम्ही पहिल्यांदा ऐकताय.

घरी आल्यावर पॅन्ट काढायला गेले तर निघेना. मीच शिवलेली, पॉलिस्टरची, गाडीवर बसायला म्हणून मुद्दाम — सुरकुत्या पडत नाहीत, लवकर वाळते. मी आयुष्यभर कपडे शिवले, मला माहीत नव्हतं का? सुती कापड जळलं तर राख होते, झटकून टाकता येतं. हे वितळतं. वितळतं आणि धरून बसतं. मी मोरीत बसून ते सोडवलं. दुखलं नाही. तेच तर, दुखलं नाही. कडेचं थोडं वर, गुडघ्याजवळ, तिथे दुखलं, कारण तिथे अजून माझा पाय आहे. पुढे दवाखान्यात त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चटका कधी बसला, काकू. मी म्हटलं, चटका बसला नाही हो. त्या म्हणाल्या, म्हणजे? मी म्हटलं, चटका बसायला कळावं लागतं ना. मला चटका बसला नाही, मी नुसतीच भाजले. त्यांना वाटलं मी शब्दाशी खेळतेय. पण तुम्हीच सांगा, दुसरा शब्द कुठला आहे?

त्या दिवशी मी खाली आले, यांना झोप लागल्यावर, दुपारी. गाडी बघितली. गार्ड नाही. पाइपावर काळं चिकटलेलं — ते तिथे, तुमच्या अंगठ्याशी, अजून आहे बघा थोडं. मी घासलं होतं पण बोटांत जोर नाही. वायर ब्रशने तेवढं काढून टाका आधी. कापडच आहे ते. — कापडच आहे म्हणा.

आणि मी यांना सांगितलं नाही. चार-आठ दिवस तर कुणालाच नाही सांगितलं, वाटलं भरून येईल. लांब झगा घालून फिरत होते घरात. मग ते भरून आलं नाही, उलटं व्हायला लागलं, आणि ताप आला, तेव्हा सांगावंच लागलं. मी म्हटलं, गरम पाण्याची पिशवी. कंबर शेकायला घेते ना मी, ती रबराची. म्हटलं, झाकण नीट लागलं नव्हतं, रात्रभर पायावर पाणी गळत राहिलं, मला कळलं नाही. चांगलं आहे की नाही? मलाच नवल वाटलं इतकं पटकन सुचलं त्याचं. पिशवी मी भरली होती, झाकण मी लावलं होतं, पाय माझा. यांचा काही संबंधच नाही. हे उठले, चाचपडत कपाटापाशी गेले, पिशवी काढली, आणि माझ्या कापडाच्या कात्रीने तिचे तुकडे केले. एकेक बारीक तुकडा. रबर कापलं हो त्या कात्रीने, कात्री गेली कामातून. मी म्हटलं, अहो दुसरी कात्री आहे स्वयंपाकघरात. ऐकलं नाही. मला वाटलं, किती राग आलाय यांना त्या पिशवीचा.

डॉक्टरीणबाईंना पटलं नाही. पाणी असं एका पट्टीत भाजत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, लिहून घ्या तुम्ही पाणीच. लेकही बघते माझ्याकडे अधूनमधून. बघू दे.

परवा मी दाखल होणार. गुडघ्याच्या खालून काढायचा आहे. आधी म्हणाले बोटं, मग म्हणाले पाऊल, आता हे. मला त्याचं — खोटं नाही बोलत — मला त्याचं फार काही वाटत नाही. तो पाय मला सोडून केव्हाच गेलाय, नुसता सामान ठेवून गेला होता. म्हणून तुम्ही जे मनात म्हणताय ना, की काकू, आता पायच राहणार नाही तर गार्ड कुणासाठी — तो यांच्यासाठी. मला पाय नसला तर मी खुर्चीत बसेन, बडबड करेन, लेकीशी भांडेन. पण यांना कळलं की आपण गाडी चालू ठेवून लाइनीच्या गोष्टी सांगत होतो आणि मागे — तर हा माणूस संपला. मी ओळखते ना यांना. एकदा तरुणपणी एका नकाशात एक विहीर चुकीच्या जागी पडली यांच्या हातून. कुणाचं काही बिघडलं नाही, साहेबांनी दुसऱ्या दिवशी दुरुस्तही केली. पण हे सुट्टीच्या दिवशी सायकल काढून त्या विहिरीवर जाऊन बसायचे. नुसते बसायचे. मी विचारलं, काय करता तिथे. म्हणाले, ती कुठे आहे ते बघतो. आमचं नवं लग्न होतं, मला वाटलं दुसरी कुणीतरी बाई असणार. पाठोपाठ जाऊन बघितलं तर खरंच विहीर. बाई असती तर बरं झालं असतं असं मला नंतर कितीदा वाटलं. बाईला हाकलता येतं.

तेव्हा उद्या त्यांना गार्ड दिसला पाहिजे, जुना, मळका, जागच्या जागी. मग ते म्हणतील, गाडी ठीक आहे. आणि पिशवीवरच राग काढत राहतील, ती बिचारी कापून झालीच आहे.

मिस्त्री.

तुम्ही मघापासून तोच एक पाना पुसताय. मी बघतेय. फळीवरून तीन गार्ड काढलेत, तीनही परत ठेवलेत, आणि त्यातला मधला बसत होता, मला दिसलं. मी शिवणकाम करणारी बाई आहे, एखादी गोष्ट बसेल की नाही हे मला लांबून कळतं. तुम्हाला लावायचा नाहीये. का? तुमच्यावर येईल असं वाटतंय का? मी सांगितलं ना, मी कुणाला काही — नाही? मग काय? बोला ना. इतका वेळ मी बोलले, आता तुम्ही एक वाक्य बोला.

कोण नको म्हणालं?

हे?

हे इथे आले होते? कधी? — थांबा, थांबा. पिशवी कापली त्याच्यानंतर? त्या आठवड्यात? मला म्हणाले होते, न्हाव्याकडे जातो. आणि तसेच परत आले, दाढी तशीच, म्हणाले, बंद होता न्हावी. गाडीवरून आले होते? एकटे? मागे कोणी नसताना? — म्हणजे हा माणूस एवढ्या रहदारीतून, समोर काही दिसत नसताना, कुणी सांगायला नसताना — कोणी मारून दिली किक? नाही, ते जाऊ दे. ते राहू दे. काय म्हणाले ते सांगा. आल्यावर काय म्हणाले?

गार्ड आहे का, बघा म्हणाले. एवढंच. आणि तुम्ही सांगितलंत, नाही. बरोबर आहे, तुम्ही दुसरं काय सांगणार. मग?

हात?

कुठला हात ठेवला पाइपावर — उजवा. हो. उजवाच. मला म्हणाले, दुधाचं पातेलं. मी म्हटलं, दिसत नाही तर पातेल्याला हात कशाला लावता. मीच मलम लावत होते रोज. माझ्या पायाची ट्यूब होती ना, त्यातलंच, एकदा पायाला, एकदा त्यांच्या हाताला, आणि बोलत होते त्यांना, या वयात पोराबाळांसारखं करता म्हणून. आणि हे ऐकत होते. हात पुढे करून बसले होते आणि ऐकत होते.

तुम्ही ओढलंत त्यांना. निघेना? एवढ्याशा माणसाचा हात तुम्हाला निघेना? — आणि काय म्हणत होते? तुम्हाला नीट आठवतंय ते? कारण तुम्हाला तेव्हा त्याचा अर्थ लागला नसेल, मला लागेल, म्हणून जसंच्या तसं सांगा.

'अजून फाटक उघडलेलं नाही.'

असं म्हणाले.

एक मिनिट थांबा हं.

नाही, पाणी नको. मला काही होत नाहीये. मी फक्त हिशोब लावतेय की कोण कुणाला — म्हणजे ते गटार. ते नगरपालिकेचं पत्र. मला तोंडी म्हणून दाखवलं होतं, महोदय म्हणून सुरुवात केली होती. आणि मी इकडे पिशवीचं झाकण कसं ढिलं होतं ते रोज नव्याने सांगत होते, काल तर म्हटलं, त्या कंपनीवर दावा लावायला हवा. हे म्हणाले, लावू या. — किती चांगलं करतात हो ते. मी म्हणत होते मला चांगलं खोटं बोलता येतं.

आणि तुम्हाला सांगून गेले, गार्ड लावू नका. का ते नाही सांगितलं? नाही सांगणार. मला माहीत आहे का ते. पुन्हा विहीर — ती कुठे आहे ते बघायचंय त्यांना. आणि मग तुम्ही गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलात. बरं केलंत. त्याचे उपकार आहेत तुमचे.

आता ऐका. तो मधला गार्ड घ्या. जुना आहे की नवा, रंग कसला, ते काही बघू नका. आणि स्क्रू नको. स्क्रू त्यांना काढता येतो, घरी पाना आहे, उद्यापासून डोळाही आहे. परवा मी तिकडे पडलेली असेन, लेक माझ्यापाशी असेल, आणि हे घरात एकटे. जिना उतरतील, रस्त्यावरच्या कुणाला तरी म्हणतील, जरा किक मार रे बाबा. कोणीही मारतं, म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणत नाही कुणी. आणि मग हात ठेवतील. तुम्ही नसाल तिथे ओढायला. म्हणून वेल्डिंग करा. तुमच्याकडे ते यंत्र आहे, मघाशी बघितलं मी. — सायलेन्सर पुन्हा दुरुस्त करता येणार नाही? नका करू. पुन्हा कोण आणतंय ही गाडी दुरुस्तीला. पाइप आणि त्यांचा हात यांच्यामध्ये एक पत्रा राहिला पाहिजे, एवढंच. गरम लागू दे, लाल होऊ दे, पण चिकटायला नको.

दोन टाके? टाके म्हणता तुम्ही पण? वेल्डिंगला टाकाच म्हणतात? मला माहीत नव्हतं. — मग दोनावर भागवू नका. दोन टाक्यांवर काही टिकत नाही, मिस्त्री, मी हजारो शिवणी उसवलेल्या बघितल्यात. कडेने सगळीकडून घाला. वेडेवाकडे दिसले तरी चालतील. परवा मलाही घालणारच आहेत.

त्यांना काय सांगणार? काही नाही. ते विचारणार नाहीत. खाली उतरतील, वाकतील, हात फिरवतील, त्यांना कळेल. मग वर येतील आणि मला म्हणतील, गार्ड मजबूत आहे गं आपल्या गाडीचा. आणि मी म्हणेन, हो, पहिल्यापासून आहे.

काय? तिकडे? — डोळ्यांना त्रास होतो का त्या उजेडाचा. बरं. घ्या, फिरवलं तोंड. करा.